सोप्या स्वयंपाकाचे पाप

"आज काही केलं नाही, नुसती सँडविचेस आहेत." हे वाक्य आता आपल्या घराघरांतून ऐकू येते. ते म्हणणाऱ्या बाईच्या आवाजात थोडे हसू असते, थोडी अजिजी असते, आणि समोरच्याने "अगं, चालेल की!" असे म्हणावे अशी थोडी अपेक्षाही असते. समोरचा बहुधा तसे म्हणतो. पण "चालेल" याचा अर्थ चालवून घेऊ. आणि जी गोष्ट चालवून घ्यावी लागते ती कुठेतरी उणी आहे, हे त्या क्षणी दोघांनीही मान्य केलेले असते.

मला या उणेपणाचा विचार करायचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. चकली-कडबोळ्यांचा वास घरभर दरवळत असताना कुणी पावाच्या दोन कापांवर चिंतन करीत बसावे, हे जरा विचित्रच. परंतु नीतीचे मोठे प्रश्न मोठ्या जागीच सापडतात असे मला वाटत नाही. न्यायालयाची पायरी आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी चढावी लागते. पानावर मात्र आपण रोज दोनदा बसतो.

प्रथम, काही केले नाही म्हणजे काय केले ते पाहू. कोथिंबिरीची एक जुडी निवडून धुतली. हिरव्या मिरच्या, आल्याचा तुकडा, मीठ आणि लिंबू घालून चटणी वाटली, तीही पाणी बेताने घालून, कारण सैल चटणी पावाचा घात करते. दोन बटाटे आणि एक बीट उकडले. काकडी, टोमॅटो, कांदा यांच्या पातळ चकत्या केल्या. पावाच्या प्रत्येक कापाला अगदी कडेपर्यंत लोणी लावले. हे लोणी केवळ चवीसाठी नसते. पाव आणि ओल यांच्यामध्ये घातलेला तो बांध असतो. त्यात फट राहिली की टोमॅटोचे पाणी पावात मुरते आणि पाहता पाहता सगळ्याचा लगदा होतो. बीट मधोमध ठेवायचे, कारण ते कडेला आले की शेजाऱ्यांना रंगवून सोडते. वरून जिरेपूड आणि काळे मीठ भुरभुरायचे, दुसरा काप ठेवायचा, तळहाताने हलकेच दाबायचे. मुंबईच्या पदपथावरचा सँडविचवाला हे सारे बोलता बोलता करतो, म्हणून ते सोपे वाटते. पोहणाऱ्याकडे काठावरून पाहताना पोहणेही सोपेच वाटते.

आणि सोबत भानोले. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरचा हा पदार्थ. कोबी बारीक चिरायचा, त्यात डाळीचे पीठ, नारळाचे दूध, वाटलेली मिरची-आले-लसूण, हळद आणि मीठ घालून कालवायचे, तेलाचा हात फिरवलेल्या थाळ्यात थापायचे आणि ओव्हनमध्ये ठेवून द्यायचे. चाळीसेक मिनिटांनी वरचा पदर खरपूस तांबूस होतो आणि आत मऊ राहते. सुरीने वड्या कापल्या की झाले. आपल्याकडे 'बेक्ड डिश' म्हटले की साहेबाच्या टेबलाची आठवण होते, पण नाव तेवढे साहेबाचे. क्रिया आपल्या पणज्यांची आहे. भानोले पूर्वी खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर रसरशीत निखारे ठेवून भाजीत. कोकणातले काकडीचे धोंडस असेच दोन विस्तवांच्या मध्ये फुलत असे. रायगडकडची पोपटी तर भांबुर्ड्याचा पाला आणि वालाच्या शेंगा भरलेले मडकेच जाळात घालून करतात. दिवाळीच्या आधी नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन आळीतल्या बेकरीत भाजून आणण्याची रीत मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांत होती. आपापल्या पत्र्याची खूण लक्षात ठेवावी लागे, नाहीतर शेजारणीची नानकटाई आपल्या डब्यात आणि आपली तिच्या! असो.

तेव्हा एवढे सगळे करूनही ते काही न केल्याच्या सदरात का पडते? याचे एक उत्तर पावात आहे. पाव हा आपल्या स्वयंपाकघरातला जन्माचा आरोपी आहे. 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पदार्थही त्यांच्याच मागोमाग आला. गोव्यात आजही पाव भाजणाऱ्याला 'पोदेर' म्हणतात, तेही पोर्तुगीज नावच. विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्याले म्हणून गावेच्या गावे बाटली, अशा कथा वसईच्या बाजूला आजवर सांगत आले आहेत. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसती हाती धरली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. रानड्यांसारख्या आणि टिळकांसारख्या माणसांना त्या चहापायी प्रायश्चित्ताच्या वादात सापडावे लागले. भट्टीतल्या पदार्थाचा धाक तेव्हा असा होता.

पुढे बाटण्याचे भय ओसरले, तेव्हा पाव शिळा ठरला. त्याला गीतेचाही आधार मिळाला. सतराव्या अध्यायात, शिजवून प्रहर लोटलेले, रस गेलेले अन्न तामसी माणसाला आवडते असे म्हटले आहे, आणि पाव तर काल रात्री भाजलेला. (कालच्या भाकरीचा कुस्करा दह्याबरोबर चवीने खाणाऱ्या घरांतूनही हा आधार दिला जाई, ही गोष्ट वेगळी.) आता शिळेपणाची तक्रारही मागे पडली, मैद्याची तेवढी राहिली, आणि आजचा आरोप खाणाऱ्याच्या धर्मावर नाही, पोटावरही नाही. तो करणारीवर आहे. पाव म्हणजे आळस. आधी जात गेली, मग प्रकृती गेली, आता कर्तव्य गेले. आरोपी तोच, कलम बदलले.

आळसाचा हा आरोप आपलाच खास आहे असेही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मेसन हेअर या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली एक मोठा मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने बाजारहाटाच्या दोन याद्या केल्या. मांस, गाजरे, बटाटे, डबाबंद पीच, बेकिंग पावडर, पावाच्या दोन लाद्या, सगळे सारखे. फरक एकच: एका यादीत दळलेली कॉफी होती, दुसरीत गरम पाण्यात विरघळणारी तयार कॉफीची पूड. पन्नास बायकांना एक यादी दाखवली, दुसऱ्या पन्नासांना दुसरी, आणि विचारले की हा बाजार करणारी बाई कशी असेल ते सांगा. तयार कॉफी घेणारीला जवळजवळ निम्म्या बायकांनी आळशी म्हटले. ती नीट आखणी करीत नाही असेही म्हटले. काहींनी ती चांगली पत्नी नसावी इथपर्यंत मजल नेली. दुसऱ्या यादीतल्या बाईला आळशी म्हणणाऱ्या जवळजवळ नव्हत्याच.

हा प्रयोग वाचताना माझी नजर कॉफीपेक्षा पावाच्या त्या दोन लाद्यांवर खिळून राहिली. त्या दोन्ही याद्यांत होत्या. एके काळी अमेरिकेतल्या शेतावरची बाई घरचा पाव घरीच भाजत असे, आणि विकतचा पाव आणणारीला तेव्हाही कुणी आळशी म्हटले असणारच. पण १९५० साली त्या शंभर बायकांना तो पाव खटकला नाही. त्यांच्या दृष्टीने पाव ही विकतच आणण्याची वस्तू झाली होती. म्हणजे आळसाची रेघ कुठे ओढायची हे श्रम ठरवीत नाहीत. आपल्या आईने जे हाताने केले आणि आपण जे करीत नाही, ते ठरवते. आपल्याकडे पिठाच्या गिरणीचे हेच झाले. पहाटे उठून जात्यावर दळणाऱ्या बाईची नात गिरणीतून दळण आणते आणि त्या पिठाच्या पोळ्या करते, तेव्हा ती सुगरण असते. तिच्या मुलीने पोळ्याही विकत आणल्या, की संसार बुडाला!

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे, आणि ते मन लावून ऐकले पाहिजे. श्रमाच्या बाजूने बोलणारे सगळेच काही आयते खाऊन ढेकर देणारे नसतात. जाते गेले तेव्हा जात्याबरोबर काहीतरी गेलेच. गी प्वातवाँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह केला. तो एक लाखाच्या पुढे गेला. एक लाख ओव्या! लिहितावाचता न येणाऱ्या बायकांनी अंधारात, घाम गाळता गाळता रचलेल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, पंढरीचा विठ्ठल आहे आणि सासरचे सारे दुःख आहे. दळणे सोपे असते तर त्या ओव्या झाल्या नसत्या, हे खरे आहे. कष्टातून जे उगवते ते सुखातून उगवेलच असे नाही. मीही लिहिणारी बाई आहे. एक लाख ओव्यांची किंमत मला कळते. परंतु त्या ओव्या रचणाऱ्या बायकांपैकी एकीला जरी विचारले असते की बाई, ओवी ठेवतेस की गिरणी घेतेस, तर तिने काय उत्तर दिले असते याबद्दल मला शंका नाही. गिरणी आली तेव्हा गावागावांतून बायकांनी जाती कोपऱ्यात सरकवली. कुणी त्यांच्यावर बळजबरी केलेली नव्हती.

याहून अवघड आक्षेप आहे तो आजीचा, सासूचा. ज्या बाईला साऱ्या हयातीत घरात दुसरी कसलीच सत्ता मिळाली नाही, पैशाची नाही, शब्दाची नाही, तिची सत्ता तव्यापाशी असते. पोळीचे पापुद्रे सुटतात तिथे ती राणी असते. तिच्या कष्टांनीच तिला घरात किंमत आली. तिच्यासमोर आपण म्हणतो, "एवढं कशाला करता? पाव आणला की झालं." आपण तिला विश्रांती देतो असे आपल्याला वाटते, आणि तिला वाटते की आपण तिचे नाणेच चलनातून काढून टाकले. माझ्या ओळखीच्या एका घरात अशाच एका संध्याकाळी सासूबाई पानावर बसल्या आणि म्हणाल्या, "पोटात काहीतरी ऊन पडायला हवं गं." सुनेने भानोल्याची वाफाळती वडी त्यांच्या पानात वाढली. त्यांनी ती खाल्ली, दुसरी मागून घेतली आणि म्हणाल्या, "निखाऱ्यावरचं याहून खमंग होई." ते खरेही होते. सून काही बोलली नाही. दुसऱ्या वेळी मात्र तिने मिश्रण कालवले आणि चव पाहायला त्यांच्यापुढे धरले. मीठ किती, मिरची किती, हे तेव्हापासून सासूबाई सांगतात. थाळा ओव्हनमध्ये सून ठेवते. सत्ता थोडी सरकली, पण गेली नाही.

प्रेम श्रमाने मोजावे की नाही, हा प्रश्न असा समोरासमोर आला की मला आपल्या संतांच्या गोष्टी आठवतात. मुक्ताबाईला मांडे करायचे होते. मांडे म्हणजे पोळ्यांतली अवघड विद्या. त्यांना खापर लागते. विसोबा चाट्याने कुंभारांना दम भरला आणि तिला कुठे खापर मिळू दिले नाही. पोर रडत घरी आली. पुढे ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवून आपली पाठ तापवली आणि मुक्ताबाईने तिच्यावर मांडे भाजले. ही कथा आपण योगसामर्थ्याची म्हणून सांगतो. मी मुलांना सांगते तेव्हा तिचा दुसराच भाग माझ्या डोळ्यांपुढे असतो. भाऊ पाटावर बसून "झाले का मांडे?" असे विचारीत नाही. बहिणीच्या कष्टांचे कौतुकही करीत नाही. तिची नड पाहतो आणि स्वतः तवा होतो.

जनाबाईची कथा तशीच. विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, तिच्या शेण्या वेचतो, केर भरतो. एकनाथांच्या घरी तो श्रीखंड्या होऊन बारा वर्षे पाणी वाहतो. देव भक्तिणीच्या श्रमावर प्रसन्न झाला आणि तिला वर देऊन निघून गेला, असे या गोष्टींत घडत नाही. तो जात्याच्या खुंट्याला हात घालतो. आपल्या परंपरेत प्रेमाचे माप आहे ते असे: माझ्यासाठी कुणी किती झिजले यापेक्षा कुणाचे झिजणे मी किती कमी केले. मग "आमच्या आईने कधी पाव आणला नाही हो, चारी ठाव स्वयंपाक करायची" असे अभिमानाने सांगणारा मुलगा नकळत काय सांगत असतो? आईचे प्रेम तो सांगतोच. पण जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लागला नव्हता, हेही त्यातच आले.

गांधीजींच्या आत्मकथेत जोहान्सबर्गच्या घराचे एक वर्णन आहे. बेकरीचा पाव बंद करून घरीच कोंड्यासकट पिठाचा, खमीर न घातलेला पाव करायचे ठरले. त्यासाठी हाताने दळलेले पीठ हवे, म्हणून सात पौंड देऊन त्यांनी हातचक्की आणली. तिचे लोखंडी चाक एकट्याला जड जाई. तेव्हा ती गांधीजी, त्यांचे मित्र पोलाक आणि मुले मिळून फिरवीत. कस्तुरबा अधूनमधून हात लावीत, कारण ती वेळ त्यांची स्वयंपाकाला लागण्याची असे. श्रमाचा पाव खावा असे सांगणाऱ्या माणसाने त्या वाक्याचा कर्ता कोण हे स्वतःपुरते ओळखले होते. ज्याने खायचे त्याने श्रमायचे. आपल्याकडे श्रमाची थोरवी गाणारे पुष्कळदा व्याकरणात चुकतात: श्रमावे एकीने, खावे चौघांनी, आणि पुण्य मात्र घराचे.

हे मी पुरुषांना टोचण्यासाठी लिहीत नाही. आकडे मात्र लिहिते. भारत सरकारने २०१९ साली माणसे आपला दिवस कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. सहा वर्षांवरच्या शंभर बायकांमागे एक्याऐंशी बायका घरातले बिनपगारी काम करताना आढळल्या. शंभर पुरुषांमागे सव्वीस. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा असे काम करणाऱ्या बायकांचा दिवसातला वेळ सरासरी २८९ मिनिटे भरला आणि करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. शाळेच्या पस्तीस मिनिटांच्या तासिकेने मोजले, तर बाईच्या आठ तासिका भरून वर नऊ मिनिटे उरतात. एका दिवसात सलग आठ तासिका दिल्या तर कोणत्याही शाळेतला शिक्षक मुख्याध्यापकांच्या खोलीत तक्रार घेऊन जाईल.

मला सँडविच आणि भानोले यांची जोडी थोर वाटते ती मिनिटे वाचतात एवढ्यासाठी नव्हे. खरे तर फार वाचतही नाहीत. तिचे थोरपण मांडणीत आहे. गरम पोळीचे जेवण आठवून पाहा. चौघे पानावर, पाचवी तव्यापाशी. पोळी फुगते, तूप लागते, पानात पडते. "अजून एक घ्या" असा आतून आवाज येतो, बाहेरून "आता पुरे, तू बस की" असे उत्तर जाते. सगळ्यांना माहीत असते की ती बसू शकत नाही. ती बसली तर पोळी कोण करणार? रांधा, वाढा, उष्टी काढा, या तीन क्रियापदांत 'जेवा' हे चौथे क्रियापदच नाही. ते सगळ्यांत शेवटी, निवलेल्या उरल्यासुरल्यावर उरकायचे असते. गरम पोळीची चव मी नाकारीत नाही. तव्यावरून थेट पानात आलेल्या पोळीला जगात तोड नाही. पण त्या चवीचा एक घटक असा आहे की घरातले एक माणूस त्या वेळी उभे असते.

पाव उभे राहायला लावीत नाही. सँडविचेस ताटात रचून मधोमध ठेवली, वर ओले फडके झाकले, की ती कुणाची वाट पाहत नाहीत. भानोले ओव्हनच्या आत आपले आपण होत असते. त्याला ढवळावे लागत नाही, उलटावे लागत नाही, त्याच्यापाशी थांबावे लागत नाही. ते बाहेर काढण्याच्या वेळी सगळ्यांचे हात धुऊन झालेले असतात. आणि मग घरातली पाचही माणसे एकाच वेळी, एकाच टेबलाभोवती किंवा एकाच चटईवर बसून जेवतात. यात काय मोठेसे, असे वाटेल. पण जी मुले रोज आईशिवाय जेवली, त्यांना आई जेवताना कशी दिसते हेही कधीकधी ठाऊक नसते. तिला बीट आवडत नाही, भानोल्याचा कडेचा करपट तुकडा आवडतो, एवढी साधी माहिती घरात कुणाला नसते, कारण कडेचा तुकडा तिने आजवर शेवटी, एकटीने खाल्लेला असतो.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात असे आहे. एकट्याने खाणारा एकटाच पापी ठरतो, असे ऋग्वेदाच्या एका सूक्तातही आहे. या वचनांवर पुष्कळ निरूपण झाले. परंतु जी इतरांसाठी शिजवते आणि एकटीच खाते तिच्याबद्दल निरूपणकार काही म्हणत नाहीत. तिच्याकडे पाप जात नाही हे उघड आहे. मग त्या पंगतीतले पाप कुणाच्या वाट्याला जाते?

मात्र सोपेपणाच्याही काही गोष्टी झाकू नयेत. घरातला श्रम कमी झाला म्हणजे जगातला झाला असे नव्हे. पुष्कळदा तो फक्त दृष्टीआड होतो. सकाळी सहाला दाराशी येणारा पाव आदल्या रात्री कुणीतरी भट्टीच्या धगीत उभे राहून भाजलेला असतो. मुंबईतल्या बेकऱ्यांमधून हे काम रात्रभर चालते आणि ते करणारी माणसे बहुधा दूरच्या मुलखातून आलेली, तिथेच पिठाच्या पोत्यांशेजारी झोपणारी असतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणापायी लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला, तेव्हा पावाची चव बदलेल काय, पाव महागेल काय, याची चर्चा मी पुष्कळ ऐकली. त्या धुरात रात्री काढणाऱ्याच्या छातीचा विषय फारसा कुणी काढला नाही. तवा माझ्या घरातून उठला आणि त्याच्यापाशी दुसरेच कुणी उभे राहिले, एवढेच झाले असेल, तर माझ्या सोप्या जेवणाने कुणाचा तरी खुंटा हलका केला असे मला म्हणता येणार नाही. पाववाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना हे आठवले तर बरे.

दुसरी गोष्ट. सोपे फार दिवस सोपे राहत नाही. रूथ श्वार्त्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचाच अर्थ 'आईला आणखी काम' असा आहे. गिरण्यांचे पांढरे पीठ आले तेव्हा धान्य कांडण्याचे पुरुषांचे काम गेले, आणि त्या पिठाचे केक व पाव करण्याचे बायकांचे काम वाढले, असे त्यांनी दाखवले आहे. यंत्राने वेळ वाचवला की अपेक्षा तो वेळ खाऊन टाकते. आपल्याकडे याचा अनुभव घ्यायला इतिहासकार लागत नाही. पहिल्या आठवड्यात चटणीचे सँडविच होते. दुसऱ्या आठवड्यात धाकट्याला ते भाजलेले हवे, थोरल्याला चीज घातलेले, यजमानांना कांदा नको, आजोबांना पावाच्या कडा नकोत. भानोल्याच्या जोडीला एखादे सूपही बरे दिसेल असे कुणीतरी सुचवते. महिन्याभरात पोळीभाजी परवडली असे म्हणण्याची पाळी येते. तेव्हा सोपे जेवण ही केवळ पाककृती नाही. तो घरातला एक करार आहे, आणि तो करार खाणाऱ्यांनी पाळायचा आहे. कांदा ज्याला नको त्याने तो काढून शेजारच्याच्या ताटलीत ठेवावा.

मिळालेल्या सोयीची बाईला किती सवय होते याचीही एक गंमत आहे. यंत्राने कापलेला पाव अमेरिकेत १९२८ साली प्रथम विकायला आला. पुढे महायुद्धात, जानेवारी १९४३ मध्ये, मेणकागद वाचावा वगैरे कारणे देऊन सरकारने कापलेल्या पावाच्या विक्रीवर बंदी घातली. बंदुका, तोफा, रेशन, सारे मुकाट्याने सोसणाऱ्या गृहिणी यावर मात्र चिडल्या. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकात एका बाईचे पत्र आले: नवरा आणि चार मुले, सकाळची घाई, न्याहारीचे आणि डब्याचे सगळे काप हातानेच कापायचे, तर घराचे मन ठिकाणावर कसे राहावे, असा त्याचा आशय होता. मार्चमध्ये बंदी उठली. यावर हसणारे पुष्कळ असतील. मी त्यांना एवढेच विचारीन की त्या घरात सुरी धरता येण्याजोगे हात किती होते, आणि पत्र लिहिण्याची पाळी एकाच जोडीवर का आली?

शेवटी सँडविचच्या मूळपुरुषाची कथा. सँडविच परगण्याचा चौथा अर्ल जॉन माँटेग्यू (जन्म १७१८, मृत्यू १७९२) याच्या नावावरून हा पदार्थ ओळखला जातो. एका फ्रेंच प्रवाशाने १७७० साली छापलेल्या लंडनच्या वर्णनात लिहिले की, एक मंत्री चोवीस तास जुगाराच्या टेबलावरून उठला नाही आणि भाजलेल्या पावात मांसाचा तुकडा घालून तेवढ्यावरच त्याने भागवले. पत्ते धरायला एक हात मोकळा हवा होता. उलट अर्लचा चरित्रकार रॉजर याचे म्हणणे असे की हा माणूस आरमाराचा कारभार पाहणारा, कामात बुडालेला. तो सँडविच खात असलाच तर बहुधा लिहिण्याच्या मेजावर, कागदपत्रे चाळता चाळता. अडीचशे वर्षे झाली तरी लोक हे ठरवीत आहेत की त्या दुसऱ्या हातात पत्ते होते की दप्तर. दप्तर असेल तर सँडविच उद्योगी, पत्ते असतील तर सँडविच व्यसनी. पावाला आणि मांसाला याचे काय?

बाईच्या मोकळ्या हाताचीही अशीच चौकशी होते. तिने पाव आणला आणि राहिलेल्या वेळात मुलांच्या वह्या तपासल्या, शिवणयंत्र चालवले, आजाऱ्याला औषध दिले, तर लोक म्हणतात, बिचारीला वेळच कुठे असतो, पाव आणला म्हणून काय बिघडले! तिने पाव आणला आणि गच्चीत जाऊन नुसती उभी राहिली, कादंबरी वाचली, किंवा शेजारणीशी हसत बसली, तर मात्र तो आळस ठरतो. म्हणजे वाचलेला वेळ दुसऱ्या कामाला जुंपला तरच त्याला माफी. हे मला कबूल नाही. वेळ ज्याचा वाचला त्याचा तो असतो. त्याचा हिशेब त्याने द्यायचा झालाच तर स्वतःला. भानोले ओव्हनमध्ये असते त्या चाळीस मिनिटांत बाईने काय करावे, या प्रश्नाला नीतिशास्त्रात उत्तर नाही, कारण तो नीतिशास्त्राचा प्रश्नच नाही.

दिवाळीतच ही चौकशी सर्वांत कडक होते. चार दिवस फराळाचे डबे भरून, पंगती उठवून, नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्यांच्या आधी उठून, पाडव्याला ओवाळून झाल्यावर, भाऊबीजेच्या रात्री कुणालाच गोडाचे नाव नको असते. तोंडाला चकलीचे तेल आलेले असते. अशा रात्री हिरवी चटणी आणि काकडी घातलेल्या थंडगार पावाइतके दुसरे काही गोड लागत नाही, आणि कोबीच्या भानोल्याला तर तोडच नाही. चटणी भावाने वाटावी. ओवाळणी दिली म्हणजे त्याची सुटका झाली असे शास्त्रात कुठे म्हटलेले नाही. कोबी मेव्हण्याने चिरावा, जाड चिरला गेला तरी चालेल, थोडा वेळ जास्त भाजावा लागतो इतकेच. बीट मात्र जाणत्याच्या हाती द्यावे. आणि दिवाळी अंक घरात आल्यापासून आधी कुणाच्या हाती गेला, मग कुणाच्या, याची जरा आठवण करावी. ज्या हाताला तो अजून मिळाला नसेल त्याला त्या रात्री तो द्यावा. सँडविचला एकच हात लागतो.